ऋणनिर्देशातले मंगळवार-शुक्रवार

माझ्या पीएच.डी.चा विषय आमच्या कॉलेजच्या ऑफिसबाहेर एका टेबलावर उघडा पडलेला असायचा. त्याला सुतळीनं एक बॉलपेन बांधलेलं असायचं. हालचाल रजिस्टर. कॉलेजच्या वेळेत गेटबाहेर पडणाऱ्या प्रत्येकानं त्यात लिहायचं की आपण किती वाजता निघालो, कुठं चाललो, कशाला चाललो, परत कधी आलो. आणि शेवटी सही. सुतळी इतकी आखूड की लिहिताना कमरेत वाकावंच लागायचं, आणि प्राचार्यांच्या केबिनची काच बरोबर समोर. म्हणजे बाहेर पडायचं तर आधी प्राचार्यांच्या दिशेनं वाकायचं, मग चप्पल ओढत निघायचं. बावीस वर्षं मी त्या टेबलाशी वाकत होते आणि मला त्यात काहीही वावगं दिसलं नव्हतं. दिसायला लागलं ते पंचेचाळिसाव्या वर्षी. तिथून पुढं माझं काही खरं राहिलं नाही.

मी लातुरात एका कॉलेजात वाणिज्य शिकवते. 'व्यवस्थापनाची तत्त्वे' हा पेपर इतकी वर्षं शिकवला की नियोजन, संघटन, नियंत्रण हे शब्द मला भूल देऊन विचारले तरी त्याच क्रमानं येतील. घरात मात्र यातलं एकही तत्त्व कधी लागू पडलं नाही. दूध उतू गेलं की "या बघा, मॅनेजमेंटच्या प्राध्यापक" असं म्हणायचा मान आमच्या यजमानांचा. ते मूळचे हदगावचे, लातुरात बियाण्यांचं दुकान चालवतात, आणि बायको शिकलेली असल्याचा त्यांना अभिमान आहे. तो ते माझी फजिती झाली की व्यक्त करतात.

पीएच.डी.ची हौस मला नव्हती. बढतीसाठी ती लागत होती, एवढंच. विद्यापीठ नांदेडला, गाइडही नांदेडला मिळाले. दर दुसऱ्या शनिवारी सकाळची एसटी. अहमदपूर, लोहा करत साडेतीन तास. जाताना वाचायचं म्हणून सत्तेवरचा जाडजूड लेख मांडीवर घ्यायची आणि चाकूरच्या आत माझं डोकं शेजारच्या बाईच्या खांद्यावर गेलेलं असायचं.

गाइड सर जुन्या नांदेडातले. वडिलांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं, त्याच घरात वरच्या मजल्यावर सरांची अभ्यासिका. खाली अजून चारपाच भिंतीवरची घड्याळं होती आणि प्रत्येकात वेगळी वेळ. पहिल्या भेटीत मी माझा विषय अभिमानानं पुढं ठेवला: 'महाविद्यालयीन कर्मचाऱ्यांचे कार्यसमाधान: एक अभ्यास'. सोबत पन्नास प्रश्नांची प्रश्नावली. पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत.

सरांनी ती प्रश्नावली चष्म्याच्या वरून पाहिली. "मॅडम, समाधान मोजायला काय घेऊन जाणार? थर्मामीटर?"

मी हसले. तो विनोद नव्हता हे नंतर कळलं.

"असं बघा," सर म्हणाले, "मॅनेजमेंटची ही सगळी पुस्तकं कुणी लिहिली? चालवणाऱ्यांनी. चालणाऱ्यांनी एक तरी लिहिलंय का? तुम्ही इतकी वर्षं नोकरी करताय. कॉलेजात रोज असं काय करता, जे का करता ते तुम्हाला माहीत नाही?"

मी खूप विचार केला. खालची घड्याळं आपापल्या सोयीनं टोले देत होती.

"वाकते," मी म्हणाले.

"या अल्लाह," सर म्हणाले आणि वही काढली. "कुठं वाकता? कुणापुढं? सांगा, सांगा."

असा माझा विषय ठरला. परत येताना मला एसटीत झोप लागली नाही. बावीस वर्षं मी मुलांना नियंत्रण शिकवत होते, फळ्यावर त्याचे पाच टप्पे लिहीत होते, आणि माझ्यावरचं नियंत्रण दीड वीत सुतळीचं होतं! घरी येऊन हे यजमानांना सांगितलं. त्यांनी ताटातली भाकरी मोडता मोडता ऐकलं.

"म्हणजे त्या वहीत कोण कुठं गेलं, ते तू इतकी वर्षं वाचणार?"

"हो. पण चिकित्सक दृष्टीनं."

"हे तर आपल्या गल्लीत बायका फुकट करून राहिल्या."

पुढं काही महिने मला सगळीकडं सत्ताच दिसायची. दुकानात त्यांना म्हणाले की तुम्ही मालक आहात, तुम्हाला शोषण दिसणार नाही. ते म्हणाले, "मीच मालक, मीच हमाल, झाडूबी मीच मारतो. आता सांग, कोण कुणाचं शोषण करून राहिलं? नोंद घे." मी खरंच नोंद घेतली. ती अजून आहे माझ्याकडं.

संशोधनाला कॉलेजचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. अर्जात मी विषय लिहिला, 'शैक्षणिक संस्थांमधील नोंदवह्या व कार्यसंस्कृती'. चिकित्सक वगैरे शब्द घातला नाही. प्राचार्य खूश झाले. "वा, मॅडम! शिस्तीवर संशोधन व्हायलाच पाहिजे. लोकांना शिस्त नको झालीय." तेवढ्यात संस्थेच्या सचिवांचा फोन आला आणि प्राचार्य खुर्चीतून उठून उभे राहिले. फोन संपेपर्यंत उभेच. मीही उभी राहिले. फोनमधल्या माणसाला आम्ही दोघंही दिसत नव्हतो. हेही मी नंतर टिपून ठेवलं, पण प्राचार्यांबद्दल थोडी मायाही वाटली. त्यांचीही सुतळी कुठंतरी बांधलेली होती.

जुनी रजिस्टरं ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत होती. ती काढून दिली मामांनी. मामा म्हणजे आमचे ग्रंथालय परिचर. ग्रंथपालाची जागा कित्येक वर्षं रिकामी, त्यामुळं ग्रंथालय म्हणजे मामाच. पुस्तकं देणं, घेणं, पाठीला डिंक लावून चिठ्ठ्या चिकटवणं, शिक्के मारणं, पोरांना ओरडणं. कुठलंही पुस्तक मागितलं की आधी "न्हाई" म्हणायचे आणि मग आणून द्यायचे. एकेक रजिस्टर झटकत त्यांनी माझ्यापुढं चळत रचली.

"ह्यात काय घावणार मॅडम? समदी खोटी हायत."

"तेच पाहिजे मामा."

ते खरं निघालं. माणसं बँकेला सुट्टी असलेल्या दिवशी बँकेत गेली होती. पोस्ट बंद झाल्यावर पोस्टात. एक सर एकाच दुपारी जिल्हा परिषदेत आणि दंतवैद्याकडं. मी मोठ्या उत्साहानं तक्ते करत गेले आणि गेल्याच महिन्यात संपलेल्या रजिस्टरात एके ठिकाणी थबकले. 'विद्यापीठ, नांदेड. संशोधन कामी.' अक्षर ओळखीचं. माझंच. त्या दिवशी मी अहमदपूरला मावसबहिणीच्या मुलीच्या साखरपुड्यात होते आणि दोन ताटं जिलबी खाल्ली होती. संशोधकानं स्वतःलाही तपासावं असं सर सांगायचे, पण ते इतक्या लवकर अंगावर येईल असं वाटलं नव्हतं.

आणि मग मला मंगळवार-शुक्रवार सापडले.

दर मंगळवारी आणि दर शुक्रवारी, अकराच्या सुमाराला, मामांचं नाव. ठिकाण: पोस्ट. कारण: टपाल. परत, साडेतीन, चार. कॉलेजचं टपाल एवढं कधीच नव्हतं. पण चकित करणारी गोष्ट वेगळी होती. नोंद दर वेळी निराळ्या अक्षरात होती. एकदा हेडक्लार्कचं तिरपं, एकदा भौतिकशास्त्राच्या सरांचं मुंगीसारखं, एकदा क्रीडा सरांचं ढब्बं. त्या दोन सरांत एका जुन्या परीक्षा ड्यूटीवरून बोलणं बंद होतं, पण मंगळवारी एकानं लिहिलेलं असायचं आणि शुक्रवारी दुसऱ्यानं. तीन नोंदी माझ्याही अक्षरात होत्या. लिहिल्याचं मला आठवतही होतं. टेबलाजवळून जाताना हेडक्लार्क नुसतं म्हणाले होते, "मॅडम, मामा पोस्टात गेलेत, जरा टाकता का?" मी टाकलं होतं. विचारलं काहीच नव्हतं.

मामांच्या बायकोचं डायलिसिस चालू होतं. सरकारी दवाखान्यातला नंबर मंगळवार-शुक्रवारचा. मुलगा हैदराबादला. रजा केव्हाच संपलेल्या. सवलतीसाठी त्यांनी अर्ज केला होता, त्यावर 'नियमात बसत नाही' एवढा शेरा येऊन अर्ज परत. मग काय झालं, कुणी ठरवलं, हे शोधायला मी पुष्कळ विचारलं. कुणीच ठरवलं नव्हतं. कुणी कुणाशी बोललंही नव्हतं. मामा निघाले की जो टेबलाजवळ असेल तो लिहायचा, आणि ज्याचा तास नसेल तो ग्रंथालयात जाऊन बसायचा. भौतिकशास्त्राच्या सरांना मी स्वतः बी.ए.च्या पोरीला कवितेचं पुस्तक शोधून देताना पाहिलंय. मिळेना, तर तिला म्हणाले, "न्हाई." अगदी मामांसारखं.

सरांना नांदेडला हे सगळं सांगितलं. त्यांनी आधी खाली हाक मारून चहा सांगितला. "मॅडम, पाळत ठेवायची वही आहे, आणि लोकांनी तिच्यातच एकमेकांना लपवलंय. हे तुमचं चौथं प्रकरण. बाकीचं सगळं याच्या मागं-पुढं बसवा. पण ज्याचं आहे त्याला विचारा आधी."

मामांना विचारलं. ते डिंक लावत होते.

"लिव्हा की मॅडम. कोन वाचतंय?"

दोन शनिवार त्यांनी मला सगळं सांगितलं. मी सगळं लिहिलं. नाव, गाव, कॉलेज, विषय, सगळं गाळून. 'एका महाविद्यालयातील एक परिचर.' परिचर कुठल्या विभागातला तेही लिहिलं नाही. गोपनीयतेवर वेगळं परिशिष्ट जोडलं. चौथं प्रकरण लिहिताना पहिल्यांदा मला वाटलं की मी काहीतरी शिकलेली बाई आहे.

आता माझी अक्कल कुठं शेण खायला गेली ते सांगते.

आपल्याकडं प्रबंधाला ऋणनिर्देश लागतो. तो नुसता आभाराचा कागद नसतो. वऱ्हाडाच्या पंगतीसारखा असतो, कुणी राहिला तर जन्मभर बोलतो. संस्थेच्या अध्यक्षांपासून सुरुवात, सचिव, प्राचार्य, गाइड, गाइडच्या पत्नी, ज्यांनी चहा दिला; सासूबाई, यजमान, मुलगी, टंकलेखक. मी साडेचार पानं लिहिली. भरून आलं होतं हो, इतकी वर्षं संपत आली होती. आणि त्या भरात मी लिहून गेले: 'आमच्या ग्रंथालयातील मामा, ज्यांच्या मंगळवार-शुक्रवारमुळे या प्रबंधाचे चौथे प्रकरण उभे राहिले, त्यांचे ऋण शब्दांत मावणारे नाहीत.'

परिशिष्टात नाव लपवायचे नियम, आणि पहिल्याच पानांत मामा, वारासकट.

प्रबंध सादर करायच्या आधी त्याची प्रत कॉलेजला दाखवून पुन्हा एक ना हरकत घ्यायची असते. प्रबंध कुणी वाचत नाही हे मला माहीत होतं. पण ऋणनिर्देश सगळे वाचतात. प्राचार्यांनी तेवढाच मागवला, कारण अध्यक्षांचं नाव सचिवांच्या आधी आहे ना, आणि आडनावांपुढं 'साहेब' आहे ना, हे त्यांना बघायचं होतं. शनिवारी दुपारी बोलावणं आलं. पानं त्यांच्यापुढं होती आणि पेन्सिलीनं दोन शब्दांखाली रेघ मारलेली होती.

"मॅडम, सुंदर लिहिलंय. माझ्याबद्दल तर फारच. हे मंगळवार-शुक्रवार म्हणजे काय?"

मी घाईनं म्हणाले, "ते... मामा त्या दिवशी मला जुनी रजिस्टरं काढून द्यायचे, सर."

"मंगळवारी-शुक्रवारी?"

"हो सर."

प्राचार्यांनी काचेतून बाहेर टेबलाकडं पाहिलं. मग म्हणाले, "चौथं प्रकरण सोमवारी आणून द्या. सचिवसाहेबांना पण रस आहे. आपण हजेरीचं मशिन बसवतोय. गळती कुठं आहे ते तुमच्याइतकं कुणी अभ्यासलंय? समितीच्या प्रमुख तुम्हीच."

"मी, सर?"

"दुसरं कोण आहे? तुम्ही त्यातल्या तज्ज्ञ."

बाहेर आले आणि मनात हिशेब मांडला. विद्यापीठाची शेवटची मुदतवाढ महिनाअखेरीला संपत होती. चौथं प्रकरण दिलं तर मामांची दोन वर्षं राहिलेली नोकरी जाते, पेन्शनचा घोळ होतो, आणि आठवड्यातून दोनदा दवाखाना कुठून करणार? नाही दिलं, तर ना हरकत प्रमाणपत्र प्राचार्यांच्या ड्रॉवरमध्ये राहतं आणि माझी सगळी वर्षं नांदेड-लातूर रस्त्यावर सांडतात. शिवाय न दिल्यानं संशय जाणार थोडाच? तो वाढणारच. अभ्यासाला बसले तेव्हा सत्तेच्या जाळ्याची मी सुंदर आकृती काढली होती, बाण वगैरे दाखवून. आपण स्वतः त्यात नेमक्या कुठं बसतो ते दाखवायचं राहून गेलं होतं.

आधी ग्रंथालयात गेले. मामांना सरळ सांगितलं. त्यांनी हातातला शिक्का ठेवला.

"माझं नाव कशाला घातलं मॅडम?"

"आभार मानायला, मामा."

"तोंडानं मानायचं की. मी रोज हितंच तर हाय."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शिक्का पुन्हा उचलला, पॅडवर दाबला, आणि कागदावर न मारता तसाच धरून बसले. "दोन वर्सं ऱ्हायलीत," एवढंच म्हणाले. पुढं काही मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार असून नांदेड गाठलं. सरांनी ऐकून घेतलं.

"चौथं प्रकरण काढलं तर काय उरतं, मॅडम?"

"स्टेशनरीची यादी."

"तुम्हीच म्हणालात, बरं का." ते उठून खिडकीशी गेले. "मी काही सांगणार नाही. मी सांगितलं तर तीही सत्ताच झाली ना? तुमची तकलीफ आहे, तुम्ही ठरवा."

मला त्या वेळी सत्ता चालली असती हो. कुणीतरी दटावून सांगायला हवं होतं. परतीच्या गाडीत लोह्याच्या पुढं टायर पंक्चर झालं आणि आम्ही सगळे सोयाबीनच्या कडेला उभे राहिलो. तिथून यजमानांना फोन लावला.

"काय करू?"

"तुझ्याकडं ती पहिली प्रश्नावली हाय न, समाधानाची?"

"असेल कपाटात. का?"

"ती भरून घे की सगळ्यांकडून. झालं तुझं चौथं प्रकरण. वाचणारा खूश, भरणारा खूश."

"आणि संशोधन?"

"अगं, तू संशोधन केलं न. आता सबमिट कर."

त्यांच्या तोंडून इतकं चिकित्सक वाक्य मी पुन्हा ऐकलं नाही.

सोमवारी सकाळी नऊला मी झेरॉक्स काढल्या. प्राचार्यांना सांगितलं, प्रकरणात थोडी भर घालतेय, गुरुवारी देते. समितीचं काम पण सुरू करते. समितीचं नाव काढताच त्यांनी होकार दिला. प्रश्नावल्या स्टाफरूममध्ये वाटल्या. कुणाला काही सांगितलं नव्हतं, पण मामांना कुणीतरी विचारलं असावं, किंवा त्यांचा चेहरा बघूनच कळलं असावं. दुपारपर्यंत सगळ्या भरून परत. 'संस्थेतील नियम मला न्याय्य वाटतात': पूर्ण सहमत. 'वरिष्ठ माझ्या अडचणी समजून घेतात': पूर्ण सहमत. पन्नासच्या पन्नास, पहिल्यापासून शेवटच्या माणसापर्यंत. क्रीडा सरांनी तर शेवटी 'अत्यंत समाधानी' असं ढब्ब्या अक्षरात लिहून खाली रेघ मारली होती.

बुधवारभर तक्ते केले. खरं चौथं प्रकरण मोराच्या नक्षीच्या पैठणीच्या घडीत ठेवलं; ती मी नेसत नाही, त्यामुळं तिथं कुणी हात घालत नाही. ऋणनिर्देशातलं वाक्य बदलून 'ग्रंथालयातील सर्व कर्मचारी' केलं. सर्व म्हणजे एकच.

प्राचार्यांनी नवं प्रकरण उभ्या उभ्या चाळलं आणि ना हरकत दिली. "मंगळवार-शुक्रवार कुठं गेले?" असंही विचारलं, पण हसून. मी म्हणाले, "सर, सगळे वार समाधानी निघाले." ते बराच वेळ हसले. त्यांना सगळं कळलं होतं की काहीच नाही, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

सरांनी नांदेडला सही केली. प्रबंधाची पानं उलटली, चौथ्या प्रकरणाशी क्षणभर थांबले. "टायपिंग छान झालंय, मॅडम," म्हणाले. मौखिक परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक भले होते, त्यांनी विचारलं, "एकही माणूस असहमत कसा नाही?" मी म्हणाले, "आमची संस्था तशी आहे, सर." सगळे हसले. गाइड सर खिडकीबाहेर बघत होते. अशी मी डॉक्टर झाले. यजमानांनी दुकानात पेढे वाटले आणि येईल त्या गिऱ्हाइकाला सांगितलं, "पोट दुखत असलं तर हिला दाखवू नका, ही वह्यांची डॉक्टर हाय."

आणि समिती गळ्यात राहिली.

मशिन आलं. अंगठा ठेवला की आतली बाई 'धन्यवाद' म्हणायची, नाही जमलं तर 'कृपया पुनः प्रयास करें'. चाचणीच्या दिवशी सगळा स्टाफ रांगेत आणि मी फॉर्म घेऊन मशिनशेजारी. मामांचा नंबर आला. अंगठा ठेवला. कृपया पुनः प्रयास करें. पुन्हा ठेवला. कृपया पुनः. मागून भौतिकशास्त्राचे सर म्हणाले, "आयुष्यभर शिक्के मारून रेषाच झिजल्या असतील."

"झिजल्याच आहेत," क्रीडा सर म्हणाले. ते दोघं एकमेकांशी बोलल्याचं मी कित्येक वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

मी मामांचा अंगठा हातात धरून पाहिला. त्यावर वाळलेल्या डिंकाचा पातळ, चकचकीत पापुद्रा होता. कडेला थोडा सुटून पांढरा झालेला. मामा माझ्याकडं बघत होते. मी संशोधक, जे दिसतं ते लिहायचं हा पहिला धडा. मी फॉर्ममध्ये लिहिलं: 'दीर्घ सेवेमुळे ठसा उमटत नाही. पर्यायी व्यवस्था: हस्तलिखित नोंद, समिती प्रमुखांच्या ताब्यात.' प्राचार्यांनी सही केली.

अशा रीतीनं हालचाल रजिस्टर माझ्याच ड्रॉवरमध्ये आलं, किल्ली माझ्या पर्समध्ये. मंगळवारी आणि शुक्रवारी मी कॉलेजात असणं भाग झालं. दोन वर्षांत त्या दोन वारी मी रजा घेतली नाही. देगलूरला माहेरी भाच्याचं बारसं मंगळवारी, गेले नाही. घरातले सगळे माहूरला शुक्रवारी निघाले, मी राहिले. यजमान दारातून म्हणाले, "रेणुकामातेला काय सांगू? समिती हाय म्हणून सांगू?" ताप असताना गेले, वीज नसताना गेले. इतरांच्या ये-जा करण्यावर डॉक्टर झालेली बाई जागची हलू शकत नव्हती. मामा अकराला दारात यायचे, हातात दवाखान्याची पिशवी. मी लिहायची, पोस्ट, टपाल. एकदा ते जाता जाता थांबले.

"मॅडम, आज बँकेत लिव्हा. पोस्टवाल्याला संशय यील."

मामा निवृत्त झाले, प्राचार्यही आता इथं नाहीत, म्हणून हे लिहितेय. शेवटच्या दिवशी सत्कार झाला, शाल-नारळ झालं, आणि मामा माझ्या टेबलापाशी आले. रजिस्टर मागितलं. इतक्या वर्षांच्या नोंदींत त्यांच्या स्वतःच्या अक्षरातली एकही नव्हती. खुर्ची ओढून बसले, न वाकता, आणि सावकाश लिहिलं. वेळ: पावणेपाच. ठिकाण: घर. मग पेन थांबलं.

"परत आल्याची येळ काय लिव्हू?"

"रेघ मारा, मामा."

त्यांनी पट्टी मागून घेतली आणि रेघ मारली. सरळ. मग मागची पानं उलटत माझी दोन वर्षांची अक्षरं बघत बसले. "लई वेळा गेलो म्हना की पोस्टात," म्हणाले. बायको बाहेर रिक्षात बसली होती. मी पोचवायला गेले तेव्हा तिनं माझा हात धरला. मामा म्हणाले, "तोंडानं मानतोय बरं का मॅडम आभार, लिव्हू नका."

लिहिलंच शेवटी.

समिती बरखास्त करावी, आता गरज उरलेली नाही, असा अर्ज मी दुसऱ्याच आठवड्यात नव्या प्राचार्यांकडं केला. तो वरती गेला. वरून खाली आला. 'संबंधित समितीने आपला अभिप्राय द्यावा' असा शेरा मारून तो माझ्याकडं अभिप्रायासाठी आलाय आणि मी त्याला ड्रॉवरमध्ये, रजिस्टरच्या खाली ठेवलंय. काल शुक्रवार होता. घरचे म्हणाले, चल माहूरला. पर्समधली किल्ली चाचपत मी म्हणाले, "आज नको." आणि अकराच्या आत कॉलेजात माझ्या टेबलाशी येऊन बसले.